आधी भाकर, मग होरेब



एलिया संदेष्टा रानातल्या झुडपाखाली आडवा झाला तेव्हा पुरता खचला होता. त्याने देवाजवळ मरण मागितले. देवाने त्याला उपदेश केला नाही, श्रद्धा कमी पडली म्हणून रागावलाही नाही. झोपू दिले. मग देवदूताने उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवले. एलिया खाऊन पुन्हा झोपला. दूताने त्याला दुसऱ्यांदा उठवून खाऊ घातले, कारण वाट लांबची होती. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस, चाळीस रात्री होरेब पर्वतापर्यंत चालला (१ राजे १९).

आपण मात्र आत्म्याची काळजी म्हणजे धर्म आणि शरीराची काळजी म्हणजे चैन, अशी वाटणी करून बसलो आहोत. ही वाटणी ख्रिस्ती नाही. प्रभू येशूने देह धारण केला. तो थकला, विहिरीवर बसून त्याने पाणी मागितले. मिस्सामध्ये तो आपल्याला आपले शरीरच देतो. संत पौल आपल्या देहाला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो (१ करिंथ ६:१९). देवळाचे छप्पर गळू लागले की आपण लगेच वर्गणी काढतो. या मंदिराकडे मात्र छातीत कळ आल्यावर लक्ष जाते!

आपल्या आजी-आजोबांना व्यायाम हा शब्द लागत नव्हता. शेतावाडीत राबणे, विहिरीचे पाणी ओढणे, डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला जाणे यातच सारे आले. आज कोपऱ्यावरून पाव आणायलाही आपण स्कूटर काढतो आणि मग घरोघरी साखरेच्या आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे, भरभर चालण्याएवढी हालचाल करायला सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. तेवढ्यात रोझरी होते. (टीव्हीवर एक डोळा ठेवून म्हटलेल्या रोझरीपेक्षा ती बरी.) घरातल्या आईला हा अर्धा तास कोणी देत नाही. तिने तो मागायची वाट न पाहता भांडी आपण घासावीत.

याची दुसरी बाजूही आहे. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. २२८९) शरीराचीच पूजा मांडू नका, असे बजावतो. जिमच्या आरशासमोर तासन् तास रमणारा आणि रविवारी धावायला जायचे म्हणून मिस्सा चुकवणारा तरुण देह कमावतो खरा, पण कोणासाठी? अशा नजरेला मग म्हातारे, आजारी, अपंग ओझे वाटू लागतात. आजार हा काही आळसाचा दंड नव्हे. नेमाने चालणाराही अंथरुणाला खिळतो.

तुरीनचे पियर जोर्जिओ फ्रासाती यांना पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत घोषित केले. हा तरुण मित्रांना घेऊन आल्प्सचे कडे चढायचा आणि त्याच पायांनी गरिबांच्या घरचे जिने चढून औषधे पोहोचवायचा. १९२५ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, पोलिओने त्याचे बळकट शरीर काही दिवसांत लुळे केले. मरणाच्या आदल्या दिवशी, हात धड चालत नसताना, त्याने एक चिठ्ठी खरडली. एका गरीब रुग्णाची इंजेक्शने त्याच्यापर्यंत पोहोचवा, असे तिच्यात लिहिले होते.