कैवारी

दुःखात असलेल्या माणसाशी काय बोलावे, हे आपल्याला सहसा सुचत नाही. मग आपण ठरलेली वाक्ये बोलतो. 'देवाची इच्छा.' 'सुटला बिचारा.' 'चांगली माणसे देवालाही हवी असतात.' बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. तरीही ऐकणाऱ्याला कधी कधी वाटते, की हा माणूस बसला आहे आपल्या शेजारी, पण बोलतो आहे मृत्यूच्या बाजूने.

श्रद्धेतून मिळणाऱ्या दिलाशावरचे दोन आक्षेप याच अनुभवातून येतात. पहिला सर्वांना माहीत आहे: मार्क्सने धर्माला अफू म्हटले. वेदना बधिर होते, पण वस्तुस्थिती बदलत नाही. दुसरा आक्षेप तितका बोलला जात नाही, पण घरातले माणूस गेलेल्या प्रत्येकाच्या मनात तो येऊन जातो. मला बरे वाटू लागले, म्हणजे माझे प्रेम कमी पडले का? दिलासा स्वीकारणे ही गेलेल्या माणसाशी प्रतारणा तर नव्हे?

या प्रश्नांकडे ख्रिस्ती श्रद्धेच्या अंगाने पाहायचे, तर एका शब्दापासून सुरुवात करता येईल. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचा निरोप घेताना पवित्र आत्म्याबद्दल बोलतो. तिथे मूळ ग्रीक शब्द आहे 'पाराक्लेटोस', म्हणजे हाक मारून जवळ बोलावलेला, विशेषतः न्यायालयात आपल्या बाजूने उभा राहणारा. जुन्या इंग्रजी भाषांतराने त्याला 'कम्फर्टर' म्हटले, म्हणजे सांत्वन करणारा. हिंदी बायबलमध्ये 'सहायक' आहे. मराठीने शब्द निवडला 'कैवारी'.

ही निवड मोलाची आहे. मराठीत 'समाधान' या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत: शंकेचे समाधान म्हणजे उत्तर, आणि मनाचे समाधान म्हणजे तृप्ती. त्यामुळे उत्तर मिळाले की शांती मिळेल, असे आपण नकळत धरून चालतो. कैवारी उत्तर देत नाही. तो कैवार घेतो, आपली बाजू उचलून धरतो. आणि कैवार म्हटला की कोणीतरी विरुद्ध पक्ष आलाच. शोकात तो पक्ष कोणता? पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात मृत्यूला शत्रू म्हटले आहे, शेवटी नाहीसा होणारा शत्रू. मृत्यू हा मित्र आहे, सुटका आहे किंवा शहाणपणाने मान्य करायचा नियम आहे, असे तो म्हणत नाही. ख्रिस्ती दिलाशाचा पाया इथे आहे. जे झाले ते वाईटच झाले, हे त्यात आधीच कबूल केलेले असते.

ईयोबाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. मुले गेली, संपत्ती गेली, अंगावर फोड आले. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात. कोणी एक शब्द बोलत नाही. तोवर ते त्याचे कैवारी असतात. मग ते बोलू लागतात आणि सगळे बिघडते. देव न्यायी आहे, तेव्हा तुझ्याच हातून काही पाप घडले असणार, हा त्यांच्या बोलण्याचा सारांश. त्यांना वाटते आपण देवाची वकिली करत आहोत. ईयोब त्यांना त्याबद्दलच जाब विचारतो आणि स्वतःसाठी स्वर्गात एखादा साक्षीदार शोधतो. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. तक्रार करणारा ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला आणि तुम्ही नाही, असा त्याचा निवाडा आहे. देवाची बाजू सांभाळण्यासाठी दुःखिताला एकटे पाडणे देवालाच मंजूर नाही.

बेथानी गावातल्या प्रसंगात हे अधिक स्पष्ट दिसते. लाजर मरून चार दिवस झाल्यावर येशू तिथे पोहोचतो. मार्था आणि मरिया या दोघी बहिणी त्याला वेगवेगळ्या भेटतात आणि एकच तक्रार करतात, की तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. तो दोघींपैकी एकीलाही गप्प करत नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलतो. मरियेला आणि तिच्याबरोबरच्या लोकांना रडताना पाहून त्याच्या मनात जे उठते, त्यासाठी वापरलेल्या ग्रीक क्रियापदात संतापाची छटा आहे. त्यानंतर तो स्वतः रडतो. थोड्याच वेळात आपण लाजराला कबरेतून बाहेर बोलावणार आहोत, हे त्याला ठाऊक आहे. आशेमुळे अश्रू अनावश्यक ठरत असते, तर निदान त्याला तरी रडण्याचे कारण नव्हते. 'तुझी श्रद्धा असेल तर तू रडणार नाहीस' असे शोकाकुल माणसाला सांगणाऱ्याने हा प्रसंग आठवावा. स्तोत्रसंहितेतले ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी कसलाही दिलासा नाही. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात राहिले आहे.

हा दिलासा प्रत्यक्ष आयुष्यात कसा दिसतो? पंडिता रमाबाईंनी दुष्काळाच्या वर्षांत आईवडील आणि बहीण गमावली, १८८० साली भाऊ आणि १८८२ साली पती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर मृत्यूने त्यांना वगळले असे झाले नाही. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तेव्हा केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी हातावेगळे केले आणि एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. लक्ष्मीबाई टिळकांचेही तसेच. १९१९ साली नारायण वामन टिळक गेले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य थोड्याच अध्यायांवर थांबलेले होते. उरलेले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. या दोघींच्या मनात काय चालले होते, याचा निवाडा बाहेरून करता येणार नाही. पण बधिर माणसाच्या हातून अशी कामे होत नाहीत, एवढे नक्की म्हणता येते.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे. दिलासा म्हणजे विसरणे असेल, तर ती प्रतारणा खरीच. पण चर्चने मृतांसाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवला आहे, २ नोव्हेंबर. त्या दिवशी वसईत काय, गोव्यात काय, कबरींवर फुले आणि मेणबत्त्या दिसतात आणि मिस्सेत गेलेल्यांसाठी प्रार्थना होते. इथे विसरण्याची अपेक्षा कोणी करत नाही. गेलेल्या माणसाचे नाव घेणे हे एकट्याचे काम उरत नाही, एवढाच काय तो फरक. ज्या प्रेमाला एकट्याने ओझे वाहावे लागत होते, त्याला आणखी हात मिळतात. त्याने प्रेम कमी होत नाही.

पहिला आक्षेप इतक्या सहज निकालात निघत नाही, आणि काढूही नये. दिलासा मिळतो म्हणून श्रद्धा खरी ठरत नाही. पुनरुत्थान खरे की खोटे, हा प्रश्न आपल्या गरजेवर अवलंबून नाही. पौलानेच त्याच अध्यायात मान्य केले आहे, की ख्रिस्त उठलाच नसेल तर आमची श्रद्धा व्यर्थ आहे. मात्र अफूच्या कसोटीला ही श्रद्धा निदान एका बाबतीत उतरते. अफूला दुखणे नाकारावे लागते. इथे दुखणे सांगण्याची, रडण्याची, देवालाच जाब विचारण्याची मुभा आहे. जिथे ही मुभा काढून घेतली जाते, तिथे दिलासा देवाच्या नावाने दिलेला असला तरी तो ईयोबाच्या मित्रांचाच असतो.

म्हणून कोणाच्या दारी भेटायला जाताना, मग आपण श्रद्धावंत असू वा नसू, एवढे तपासावे: ओठांवर आलेले वाक्य कोणाचा कैवार घेते? गेलेल्याचा आणि मागे राहिलेल्याचा घेत असेल, तर बोलावे. नाहीतर त्या मित्रांनी पहिले सात दिवस केले तेवढेच करावे, जवळ बसावे.