लोदी बागेतील उपभोग
दिल्लीच्या लोदी बागेत, हिवाळ्यातील उन्हाकडे पाठ करून, सुलतानांच्या कबरींलगत सतरंज्या पसरून, मुळ्यावर लिंबू पिळीत गप्पांत रमलेली कुटुंबे पाहिली, म्हणजे या परमुलखात आलेल्या मराठी माणसाला प्रश्न पडतो, की मृत्यूच्या सान्निध्यातील हा निवांत उपभोग प्रमाद तर नव्हे? मला तसे वाटत नाही. ज्या तख्तासाठी सिकंदर लोदी 1517 पर्यंत झुंजला, ते तख्त त्याच्या पुत्राच्या हातून गेले. येथे दुपार घालविणारा गृहस्थ मात्र कशावरच दावा सांगत नाही, आणि ईशोपनिषदाने सांगितलेला त्यागपूर्वक भोग याहून निराळा असेल असे मला वाटत नाही. 1936 साली बागेसाठी उठविलेल्या खैरपूर गावाचा हिशेब तेवढा या तत्त्वज्ञानाने चुकता होत नाही.