लस एक, अनुभव अनेक



संत मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशू दोन आंधळ्यांना दृष्टी देतो. यरीहोच्या बार्तीमयला तत्काळ दिसू लागले (मार्क १०:४६-५२). बेथसैदा येथील माणसाला मात्र आधी माणसे झाडांसारखी दिसली. प्रभूने पुन्हा हात ठेवल्यावर स्वच्छ दिसू लागले (मार्क ८:२२-२६). बरे करणारा एकच, अनुभव दोन. विशेष म्हणजे काय दिसते, हे प्रभूने त्याला स्वतः विचारले. त्याने खरे ते सांगितले आणि प्रभू त्याच्यावर रागावला नाही.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोरोनाची लस देण्यास सुरुवात झाली. आपल्याच जिल्ह्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली कोव्हिशिल्ड बारामती-इंदापूरकडेही अनेकांनी घेतली. एकाच घरात एकाचा नुसता दंड दुखला, दुसरा दोन दिवस तापाने फणफणला, तिसऱ्याला काहीच झाले नाही. ज्याला काही झाले नाही तो म्हणाला, “हा नाटक करतो.” ज्याला त्रास झाला तो म्हणाला, “लसच वाईट.” दोघांनीही स्वतःच्या अंगावरून दुसऱ्याचे अंग मोजले.

लस शरीराला रोगाची ओळख करून देते. त्या तयारीत ताप, अंगदुखी येते आणि बहुधा एक-दोन दिवसांत जाते. प्रत्येकाचे शरीर वेगळे. ताप आला नाही म्हणजे लस वाया गेली, असे नाही.

लसीनंतर घडलेले सर्वच लसीमुळे घडते असेही नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, असे आपण म्हणतो. पण फांदी का तुटली, ते पाहूनच ठरवावे. कोव्हिशिल्डनंतर अतिशय क्वचित रक्ताच्या गंभीर गुठळ्या होऊ शकतात, हे रुग्णांची तपासणी झाली म्हणूनच कळले. म्हणून त्रास सांगणाऱ्याला गप्प बसवू नये, तशीच न तपासता अफवाही पसरवू नये. आठवी आज्ञा दोन्हीकडे लागू होते.

हा प्रश्न कोरोनाबरोबर संपलेला नाही. दीड महिन्याच्या बाळाला पेंटाव्हॅलंट लस दिली की अनेकदा ताप येतो, बाळ रात्रभर किरकिर करते. मजुरीवर जाणाऱ्या आईचा रोज बुडतो. शेजारीण म्हणते, “माझ्या बाळाला तर काही झाले नव्हते.” ती आई खचते आणि पुढचा डोस चुकवते. मग घटसर्प, डांग्या खोकला यांपासून बाळाचे संरक्षण अपुरे राहते.

अशा घरी आपण उपदेश घेऊन जाऊ नये. आधी विचारावे, “बाळ कसे आहे?” मग शांतपणे ऐकावे. एक वेळचा डबा द्यावा, थोडा वेळ बाळ सांभाळावे, आशाताईंना कळवावे. झटके आले किंवा बाळ सुस्त पडले, तर त्या आईसोबत ताबडतोब दवाखाना गाठावा. जिचे ऐकून घेतले जाते, ती आई पुढच्या डोसाला येते.

प्रभू आपल्याला दुसऱ्याचे दुखणे ऐकणारे कान देवो.

आपला,
धर्मगुरू