बी-73

कोरेगाव भीमात, नगर रस्त्याला लागून, आबांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. सणसवाडीच्या कंपनीत कामाला असलेला एक पोरगा पहिल्या पाळीच्या आठवड्यात रोज संध्याकाळी तिथं येऊन बसे. त्याला जुने सिंथेसायझर जमवायचा नाद होता. हा नाद लागला चरणजित सिंग यांच्या रेकॉर्डमुळे. मुंबईच्या या वादकानं 1982 मध्ये रोलँड कंपनीची यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा त्या रेकॉर्डला कुणी फारसं विचारलं नाही. 2010 मध्ये ती नेदरलँड्समधून पुन्हा निघाली आणि जगभर गाजली. तिच्यातलं टीबी-303 हे यंत्र रोलँडनं खपत नाही म्हणून कधीच बंद केलं होतं; आज त्याला लाखांत भाव येतो.

भावाची भुरळ पोरालाही होती. नव्यासारखं चकचकीत करायचं, फोटो काढायचे, चांगलं गिऱ्हाईक बघायचं. हात मात्र खरंच चांगला होता त्याचा.

वढू रस्त्याच्या एका काकूंनी त्याला बोलावून घेतलं. त्यांचे मालक वराती-हळदीला आणि जत्रेच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. ते गेल्यापासून पेटी दिवाणाखाली, गोधडीत गुंडाळलेली. पोरानं गोधडी सोडली आणि त्याचा श्वासच अडकला. 1984 सालचा रोलँडचा जुनो-106!

"घेऊन जा बाबा, इथं उंदीर लागतील," काकू म्हणाल्या. "पैशाचं मागनं बघू."

दुकानात जोडून पाहिलं तर पाच सूर नीट यायचे, सहावा करकरायचा. जुनोचं हे ठरलेलं दुखणं. त्यात सहा सूर एका वेळी वाजतात आणि प्रत्येकाची चिप वेगळी. चिपवर कंपनीनं ओतलेली राळेची काळी खोळ वर्षानुवर्षांनी खराब होते, त्यातून वीज झिरपते आणि सूर बिघडतो. पोरानं यंत्र चाचणीवर टाकून नेमकी चिप हुडकली, डाग सोडवून ती काढली आणि बरणीत ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवली. दोन-तीन दिवसांत खोळ मऊ पडली. टोकदार चिमट्यानं ती त्यानं अशी अलगद सोलली, की खालचा एक बारीक पायसुद्धा हलला नाही. आबा चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. चिप परत बसली, सूर मोकळा झाला.

मग पोरानं फडक्यावर स्पिरिट घेतलं. पेटीच्या वरच्या अंगाला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावलेली होती, मळून पिवळी झालेली. ती त्यानं खरवडून काढली आणि कचऱ्यात टाकली. नंतर मीटर लावला. आतल्या सेलवर तीन व्होल्ट हवेत, अडीच दिसत होते. त्यानं नवा सेल काढला, सोल्डरिंग आयर्न तापत ठेवली.

आबांनी आयर्नचं बटण बंद केलं.

"या सेलवर काय चालतं?"

"मेमरी. 128 आवाज राहतात तिच्यात. सेल काढला की जातील, पण कंपनीचे मूळचे आवाज भरता येतात. गिऱ्हाइकाला तेच लागतात."

"आणि आत्ता आत कुणाचे आहेत?"

पोरगा गप्प झाला. आबांनी कचऱ्याचा डबा पालथा केला. पट्टीचे तुकडे जुळवले. बॉलपेनाची अक्षरं स्पिरिटनं विरघळली होती. शेवटच्या तुकड्यावर तेवढं 'बी-73' वाचता येत होतं. पुढचं नाव पुसलेलं.

आबांनी फळीवरचा टू-इन-वन खाली घेतला. जुनोच्या मागे टेप जोडायला जागा असते. सगळे आवाज कर्कश किंकाळीच्या रूपात टेपवर उतरवता येतात. पहिल्या खेपेला पातळी कमी पडली, पडताळणीत नापास. आवाज वाढवून पुन्हा उतरवलं. जुळलं. मग सेल बदलला. मेमरीत सगळा कचरा झाला होता. पोरानं कॅसेटवरचे आवाज परत आत भरले आणि एकेक बटण दाबत गेला.

कंपनीच्या आवाजांशी त्यांचा काही संबंध नव्हता. एक सनईच्या जवळ जाणारा, पण थोडा नाकातला, लाऊडस्पीकरच्या गोंगाटातून वर यावा असा. एक संबळासारखा तुटक. माणसानं हे कानानं, एकेक स्लायडर सरकवत, रात्र-रात्र जागून बसवलेले असणार. अशी कारागिरी कुठल्या कॅटलॉगात सापडत नाही, म्हणून तिची किंमतही कुणी लिहून ठेवत नाही.

रविवारी पोरगा पेटी घेऊन काकूंकडे गेला. वही उघडून बसला आणि पट्टी आपणच फाडली हे आधी सांगितलं. काकू काही बोलल्या नाहीत. तो एकेक आवाज लावी, काकू नाव सांगत. "ही हळद." "हा गोंधळ." "हा नवरदेव मांडवात येताना."

बी-73 लावल्यावर त्या थांबल्या, पुन्हा वाजव म्हणाल्या.

"ही वरात. पण याच्यात अजून खोट होती. ते म्हणायचे, शेवटी आवाज लांबायला पाहिजे, पोरं नाचता-नाचता थांबतात. जमलं नाही त्यांना." मग वही त्याच्यापुढे सरकवून म्हणाल्या, "हा असाच ठेव. शेजारच्या नंबरावर दुसरा बनव, लांबणारा. झाला की आणून ऐकव, मी सांगते बरोबर आहे का."