ही वाळू कुठली?

वारकरी सज्जनहो, चंद्रभागेच्या वाळवंटाशी आपले नाते काय सांगावे! तिथे फड रंगतात, तिथेच दमलेला वारकरी पडशी उशाशी घेऊन अंग टाकतो. नामदेवरायांचे कीर्तन रंगले ते याच वाळवंटात. पण ज्या वाळूवर आपण नाचतो तिचा विचार आपण कधी केला? मी तरी केला नव्हता. तो एका म्हातारीने करायला लावला.

भीमाकाठच्या आमच्या गावी विठ्ठलमंदिराच्या सभामंडपाचे काम २०२३ सालच्या माघात निघाले. वर्गणी थोडी, उत्साह मोठा. एका रात्री देवळापुढे दोन ब्रास वाळू येऊन पडली. कुणी टाकली हे कुणी बोलेना. गुप्तदान समजून आम्ही कारभाऱ्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी हरिपाठ आटोपल्यावर एक माळकरी आजी मला म्हणाल्या, "बाबा रे, ही वाळू कुठली? माझ्या हिरीखालची तर न्हाई?" मंडळी हसली. मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र झोप येईना, कारण आजींची विहीर नदीपासून हाकेच्या अंतरावर, आणि पूर्वी वैशाखातही न आटणारी ती विहीर त्या वर्षी माघातच तळाला गेली होती.

याचा उलगडा सोपा आहे. वाळूच्या कणाकणांत जागा असते आणि तिथे पाणी राहते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २,८०० लिटरांची जागा. त्यातला पाव हिस्सा पाण्याचा धरला, तरी ७०० लिटर होतात. म्हणजे ब्रासभर वाळू नेणारा सात-आठशे लिटरांचा हौदच फोडून नेतो. शिवाय हा हौद असा, की उन्हाने त्यातले पाणी फारसे उडत नाही. आपल्या आयाबहिणी उन्हाळ्यात वाळूत झिरा उकरून गाळीव पाणी भरत, ते याच हौदाचे.

पण एवढ्यावर भागत नाही. काठच्या विहिरींचे पाणी आणि नदीचे पाणी जमिनीखालून एकमेकांशी बांधलेले असते. रांजणाला भोक जितके खाली पाडाल, तितके पाणी खाली उतरून थांबते. नदीचा तळ दोन पुरुष खोल गेला, की काठच्या मळईतले पाणी त्या खड्ड्याकडे झिरपत जाते आणि विहीर कोरडी पडते. पुढे त्या खड्ड्यात बारीक चिखल बसतो. चिखलातून पाणी मुरत नाही. पूर येतो, जातो, आणि खालची जमीन तहानलेलीच राहते.

यावर चावडीवर एक मुद्दा हटकून निघतो, "वाळू काढली तर नदी खोल होईल, पूर कमी येईल." मुद्दा अगदीच खोटा नाही. जिथे गाळ साचून पात्र कोंडले आहे, तिथे मोजून-मापून काढलेला गाळ उपयोगी पडतो. पण रात्रीचा उपसा मोजून होत नाही. जिथे ट्रक उतरतो तिथे खड्डा पडतो. पुराचे पाणी खड्ड्यात वेगाने कोसळते, त्याची वरची कड खात खात मागे सरकते आणि पुलाच्या पायाशी पोचते. काठाचा पाया उघडा पडला की दरड शेतासकट ढासळते, आणि ती माती पुढे जिथे प्रवाह मंदावतो तिथे बसून पात्र उथळ करते. एका गावाने उपसावे आणि खालच्या गावाने पूर सोसावा, असा हा व्यवहार! पोर्तुगालात डौरो नदीवरचा एक पूल ४ मार्च २००१ च्या रात्री पुरात कोसळला आणि ५९ माणसे गेली. वर्षानुवर्षांच्या वाळूउपशाने त्याच्या खांबाखालचा आधार सुटला होता.

"नदी दरसाल नवी वाळू आणते," असेही म्हणतात. आणत होती. भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. वरून येणारी जाड वाळू आता धरणातच अडते. म्हणजे खालच्या भीमेत आहे ती वाळू वाडवडिलांची ठेव आहे, आणि आपण ती दरसालचे व्याज समजून मोडतो आहोत.

कायदा नाही असे नाही. पाच हेक्टरांखालच्या लहान पट्ट्यालाही पर्यावरणाची परवानगी हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले. पण कायद्याची गाडी दिवसा फिरते, वाळूची रात्री. असो.

माझा प्रश्न चोराविषयीचा नाहीच. चोरी पाप आहे हे गाढवावरून वाळू वाहणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे, आणि त्याच्या पोटाचा हिशेब निराळा. प्रश्न आपला आहे. गळ्यात तुळशीची माळ घालणारा, परक्याच्या शेंगेला हात न लावणारा मी, पावती न मागता वाळू घेतो. "आपण थोडीच उपसली?" असे म्हणतो. पण घेणारा नसता तर रात्री नदीत उतरले कोण असते? आणि देवाच्या नावाने घेतली म्हणून ती शुद्ध कशी झाली? उलट देवाला पुढे केले, म्हणजे विचारणाऱ्याचे तोंड आपोआप बंद झाले. हे मला जास्त झोंबते. आजींनी तोंड उघडले नसते, तर त्यांच्या विहिरीवर उभा केलेल्या मंडपात मी भूतदयेचे निरूपण केले असते, आणि त्यांनी खाली बसून माना डोलावल्या असत्या!

आम्ही मंडपाला दगड फोडून केलेली वाळू आणली. तिची पावती मिळाली. खर्च वाढला, गिलावा थोडा खरबरीत झाला, एक पाख दीड वर्ष उघडीच राहिली. देवळापुढचा तो ढीग मात्र तसाच होता. वापरायचा नाही हे ठरले, पण करायचे काय? नदीत परत टाकावा, तर कुठल्या खड्ड्यात? सरकारजमा करावा, तर लिलाव होऊन तो कुणाच्या तरी भिंतीत जाणार. बैठक चार वेळा झाली. अखेर आजींनाच विचारले. त्या ढिगाजवळ गेल्या, मूठभर वाळू हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "माझीच हाय का, ते आता कसं वळखू?"

ढीग अजून तिथेच आहे. पोरे त्यावर खेळतात.