सहाचा पाढा

बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या माळावरचं एक गाव. दिवाळी सरली की मुकादमाचा ट्रक येतो आणि उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडी, अंथरुणं घेऊन साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. मग गावात उरतात म्हातारी माणसं आणि लेकरं. आई-बाप परततात ते हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात.

तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत एक मुलगा होता. दिवाळीआधी बारापर्यंतचे पाढे धडाधड म्हणायचा. सुट्टीनंतर सहावरच अडला. सहा चोक चोवीसपर्यंत यायचा आणि खिडकीबाहेर बघत राहायचा. गुरुजी मनाने चांगले, पण कडक. त्यांनी पाढा दहादा लिहायला लावला. पोरानं तो नीट लिहून आणला. म्हणायला उभं केलं, की पुन्हा चोवीसवर गाडी बंद.

"माजलंय," गुरुजी खिचडी शिजवणाऱ्या मावशींना म्हणाले.

मावशी तांदूळ निवडत होत्या. "माजायला अंगात काही असावं लागतं, गुरुजी. ते लेकरू अर्धी खिचडी खातंय, अर्धी डब्यात भरून नेतंय. आजी तापानं पडलीय त्याची. रात्री दोघांत तेवढंच. पहाटे हापशावर पाणी भरून मग शाळेत येतं. तवाच गार असला तर भाकरीवर रागावून काय उपयोग?"

पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारी १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी, असं सरकारी माप आहे. माप चुकीचं नव्हतं. पण एका ताटात दोघं जेवतील आणि लेकरू रात्रभर जागं राहील, हे कुठल्या मापात बसणार?

गुरुजी संध्याकाळी त्याच्या घरी गेले. आजीला दवाखान्यात नेलं. गावातून गूळ-शेंगदाणे जमवले आणि शाळा भरताच मूठमूठ वाटू लागले. पाढे जेवणानंतर घेऊ लागले. एके दिवशी आपल्या मोबाइलवरून उसाच्या फडावर त्याच्या आई-बापाला फोन लावून दिला आणि स्वतः लांब जाऊन उभे राहिले. मास्तराला एवढं कळलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पाढा आला, असं काही झालं नाही. आठवड्याभरानं बेचाळीसपर्यंत आला. आजी उठून चुलीपाशी बसली, तेव्हा कुठे साठ.

तोवर फोनसाठी बाकीची पोरंही गुरुजींच्या मागे लागली होती. ज्यांचे पाढे तोंडपाठ होते, तीसुद्धा.

पुढे केंद्रप्रमुख भेटीला आले. भिंतीवरचं वेळापत्रक बघून म्हणाले, "पहिला अर्धा तास मोकळा दिसतोय. काय करता तेव्हा?"

"विचारपूस. कोण उपाशी आलंय, कुणाला झोप लागली नाही, कुणाच्या आईचा फोन आला."

"ते ठीक आहे. पण रकाना रिकामा चालत नाही. विषय लिहा."

गुरुजींनी खिशातून पेन काढलं आणि लिहिलं: गणित.