विद्यार्थ्याचा स्वधर्म आणि पुंडलिकाची वीट

ज्या घरी कॉलेजात जाणारे मूल आहे, त्या घरी एक प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. आईबाप म्हणतात, "पोरगं घरात असतं, पण आमच्यात नसतं." मुलगा म्हणतो, "अभ्यास करू का तुमच्यापाशी बसू? दोन्ही एका वेळी कसं व्हायचं?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून हा प्रश्न रागावून सुटत नाही आणि हसण्यावारी नेऊनही सुटत नाही. विद्या संपादन करणे हा विद्यार्थ्याचा स्वधर्म, आणि मातापित्यांची सेवा हाही स्वधर्मच. एकाच माणसाच्या दोन स्वधर्मांत ओढाताण लागली तर त्याने कोणाचे ऐकावे? वारकऱ्याने तरी या प्रश्नाला बगल देऊ नये. आपले दैवत पंढरीस उभे राहिले ते याच पेचातून, असे आपण मानतो. एक मुलगा, त्याचे आईबाप, आणि नेमका त्याच वेळी दारात आलेला तिसरा कोणी!

प्रथम या विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो ते पाहू. तालुक्याच्या गावापासून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या वाडीतला मुलगा धरा. पहाटे उठून धारा काढायच्या, डेअरीवर दूध घालायचे आणि सातची एस. टी. गाठायची. ती चुकली की पहिला तास बुडालाच. दुपारी प्रॅक्टिकल, परतायला संध्याकाळ. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असली तर जेवण झाल्यावर मोटार सुरू करायला पुन्हा मळ्यात जायचे. शहरातल्या मुलाला धारा नसतात, पण लोकलची गर्दी असते, एका खोलीत पाच माणसे असतात, आणि पुष्कळांना संध्याकाळी कुठल्या तरी दुकानात चार तास उभे राहावे लागते. वसतिगृहातल्या मुलाला घरचे काम नाही, पण घरही नाही. त्याची आई त्याला फोनवरच भेटते.

मुलीचे तर विचारूच नका. कॉलेज तेच, पुस्तके तीच, परीक्षाही तीच. शिवाय जाण्याआधी भाकरी, आल्यावर भांडी, आणि धाकट्या भावाचा अभ्यास घेणेही तिच्याकडेच. महाराष्ट्रात २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ झाले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु सरकारने फी माफ केली तरी चूल काही माफ होत नाही. ती माफी घरातल्या माणसांच्याच हाती आहे. भावाने ताट उचलून ठेवले तर बहिणीला अर्धा तास मिळतो, हे आपल्या घरांत अजून शिकवावे लागते.

आता या प्रश्नाला लोक दोन सोपी उत्तरे देतात. एक असे की, "आता फक्त शिक, घराचं मग बघ." हे उत्तर देणारे विसरतात की ते 'मग' पुष्कळदा येतच नाही. शिक्षणानंतर नोकरी येते, नोकरीनंतर संसार येतो, आणि ज्याला वीस वर्षांचा असताना आईजवळ बसण्याची सवय लागली नाही, त्याला चाळिसाव्या वर्षी ती एकाएकी लागत नाही. दुसरे उत्तर याच्या उलट: "आईबापांची सेवा हाच धर्म, पुस्तकी विद्या पोटापुरती." हे म्हणणाऱ्यांनी आपल्याच संप्रदायाकडे पाहावे. वैकुंठवासी विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, ती पद्धतशीर अध्ययनाचे महत्त्व जाणूनच. त्यांचे शिष्य सोनोपंत दांडेकर हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि वारकरी कीर्तनकारही. वर्गातला फळा आणि कीर्तनातली वीणा यांचे वैर त्यांनी मानले नाही. तेव्हा अभ्यास हा परमार्थाच्या आड येतो, हे बोलणे आपल्या तोंडी शोभत नाही.

काही म्हणतील, "महाराज, तत्त्व राहू द्या, मुळात वेळच पुरत नाही त्याचं काय?" तर तोही हिशेब करून पाहू. २०२३ साली देशात जो राष्ट्रीय श्रेयांक आराखडा लागू झाला (श्रेयांक म्हणजे मुले ज्याला क्रेडिट म्हणतात ते), त्यात वर्षाचा अभ्यास १२०० तासांचा धरला आहे. वर्गातले तास, प्रयोग, स्वतः केलेला अभ्यास आणि परीक्षा हे सर्व त्यात आले. वर्षाचे एकंदर तास ८७६०. रोज आठ तास झोपेला दिले तर २९२० गेले. अभ्यासाचे १२०० गेले. कॉलेजचे अडीचशे दिवस धरून रोज तीन तास जाण्यायेण्यात, म्हणजे ७५० गेले. घरच्या कामाला रोज तीन तास, म्हणजे १०९५ गेले. तरी २७९५ उरतात, रोजी सात तासांहून अधिक. कोणी म्हणेल की आमचा अभ्यासक्रम अवघड, १२०० तासांत आटोपत नाही. बरे, दुप्पट धरा. तरीसुद्धा रोजी चार तास शिल्लक राहतात. ज्याला शिकता शिकता पोटासाठी राबावे लागते, त्याचे हे चार तासही जातात; त्याला हा हिशेब दाखवू नये, त्याला हातच द्यावा. पण बाकीच्यांनी आपल्याशी खरे बोलावे. स्नान-जेवण वजा जाऊनही वेळ असतो. मग तो जातो कोठे?

तो जातो चित्त फाटल्यामुळे. पुस्तक उघडे असते आणि हात मोबाईलवर असतो. जेवायला सगळे एकत्र बसतात, पण ताटाशेजारी तोच मोबाईल. आई काही विचारते, मुलगा हं हं म्हणतो, आणि काय विचारले ते त्याला ठाऊक नसते. अभ्यासाला अर्धे चित्त, आईला पाव, आणि उरलेले कोणाला दिले ते त्यालाही सांगता येत नाही. नाम घेताना मन भलतीकडे फिरले तर काय होते, हे आपणा माळकऱ्यांना चांगले ठाऊक आहे. तेच इथे होते. आईबापांची तक्रार नीट ऐकली तर ती तासांची नसतेच. तास थोडे मिळाले म्हणून आईबाप रुसत नाहीत. मिळालेला तास रिकामा निघाला म्हणून त्यांचे मन दुखते.

आता पुंडलिकाकडे येऊ. हा काही जन्मापासूनचा मातृपितृभक्त नव्हता. आधी आईबापांना छळणारा, आणि पुढे डोळे उघडलेला असा तो मुलगा, असे कथा सांगते. तो आईबापांचे पाय चेपीत असता भगवंत दारी आले. त्याने सेवा टाकली नाही. देवालाही "मला सवड नाही, परत जा" असे म्हटले नाही. हाताशी एक वीट होती ती पुढे टाकली आणि म्हणाला, यावर थांबा. वीट ती काय! चार पैशांची वस्तू. पण ती थांबणाऱ्याला दिलेली जागा होती. ज्याला थांबायचे आहे त्याला इतके कळले पाहिजे की, मला विसरलेले नाही, माझी पाळी येणार आहे, आणि तोवर उभे राहायला पायाखाली काही पक्के आहे.

विद्यार्थ्याने नेमके हेच शिकावे. बापाने हाक मारली आणि मुलगा आतून ओरडला, "थांबा हो, दिसत नाही का अभ्यास करतोय!" तर तो दगड झाला. "बाबा, एवढा धडा संपवतो, आठ वाजता येतो," असे म्हणाला आणि आठाला खरोखर येऊन बसला, तर ती वीट झाली. दोन्ही वेळा बापाला थांबावेच लागले, पण पहिल्या थांबण्यात अपमान आहे आणि दुसऱ्यात मान आहे. मात्र आठ म्हणून दहा वाजले तर ती वीट मातीचीच होती, पहिल्या पावसात विरघळली. दिलेला शब्द पाळला तरच ती भाजलेली वीट. हीच रीत उलट बाजूनेही आहे. आईपाशी बसला असता मित्राचा फोन आला, तर त्या मित्रालाही विटेवर उभे करावे. "अर्ध्या तासाने बोलतो" म्हणायला कष्ट पडत नाहीत.

येथे कोणी चाणाक्ष भाविक म्हणेल, "पुंडलिकाने आईबापांसाठी देवाला थांबवले. तुम्ही तर अभ्यासासाठी आईबापांनाच विटेवर उभे करता! हे उफराटे नव्हे काय?" शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. मोठा कोण एवढाच प्रश्न असता तर पुंडलिकाने देवाकडे धाव घेतली असती, कारण देवाहून मोठा कोणी नाही. परंतु त्याने मोठेपणा पाहिला नाही. थांबणे कोणाला सोसते हे पाहिले. थकलेल्या आईबापांना त्या क्षणी सेवा हवी होती, त्यांना थांबणे सोसणारे नव्हते. देव समर्थ, त्याला सोसणारे होते. आमच्या मते या कथेतला धर्मनिर्णय इतकाच आहे: ज्याला थांबणे सोसते त्याने थांबावे, आणि ज्याला सोसत नाही त्याच्यापाशी आधी जावे. उद्या परीक्षा आहे आणि आईबाप धडधाकट आहेत, तर आज आईबापांनी थांबावे. बाप अंथरुणाला खिळला आहे, तर परीक्षेने थांबावे.

परीक्षेला थांबणे सोसते का? पूर्वीपेक्षा आज अधिक सोसते. २०२१ पासून ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स ही व्यवस्था आहे. त्यात सामील असलेल्या संस्थांतील विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक नियमानुसार जास्तीत जास्त सात वर्षे जमा राहू शकतात, म्हणजे अडचणीत शिक्षण थांबवून पुन्हा धरता येते. सत्र पुन्हा येते. बापाचे शेवटचे दिवस पुन्हा येत नाहीत. परंतु आईबापांनी याचा असा अर्थ करू नये की भावकीतले लग्न, बारसे, पाहुणे यांसाठी मुलाला खुशाल उठवावे. गरिबाच्या मुलाची पाटी एकदा फुटली की पुष्कळदा ती पुन्हा जुळत नाही. घरात आजारपण आले तर आधी काका, मामा, शेजारी, दिंडीतली माणसे यांचे खांदे लागू द्यावेत. आणि शिक्षण कोणाचे थांबवायचे असा विचार निघाला की पहिले नाव नेहमी मुलीचेच का निघते, हेही प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

तल्लीनतेच्या नावाखालीही एक चूक होते. "मुलगा इतका अभ्यासात बुडालाय की घरात काय चाललंय त्याला ठाऊक नाही," असे काही पालक कौतुकाने सांगतात. तेरच्या गोरोबाकाकांची कथा त्यांनी आठवावी. नामाच्या रंगात चिखल तुडवता तुडवता पायाखाली आपले मूल आले ते त्यांना कळले नाही. पांडुरंगाने ते मूल परत दिले, हे खरे. परंतु ते गोरोबाकाकांना दिले. आपल्याही दारी देव तसाच येईल असे धरून कोणी घराकडे न पाहता चिखल तुडवू नये. अभ्यासात बुडावे, आणि वेळ झाली की वरही यावे.

आईबापांनाही दोन शब्द. विटेवर उभे राहणे हीसुद्धा साधना आहे. पांडुरंग कमरेवर हात ठेवून उभा आहे. तो हाकांवर हाका मारीत नाही, टोमणे देत नाही, आणि रुसून निघूनही जात नाही. मुलगा अभ्यासाला बसला असता टीव्हीचा आवाज कमी करणे, त्याच्या हातून होणारे एखादे काम त्या आठवड्यापुरते आपण करणे, ही त्याच्या विद्येची सेवाच होय.

उपाय म्हणाल तर फार मोठा नाही. दिवेलागणीला आपल्या घरी हरिपाठ होतोच. तेवढा वेळ सर्वांनी एकत्र बसावे, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावेत, आणि त्यानंतरचे जेवण बोलत बोलत करावे. एक तास झाला तरी पुरे, पण तो अख्खा द्यावा. आषाढीच्या दिवसांत कॉलेजे नुकतीच सुरू झालेली असतात. ज्या मुलाला वारीला येता येत नाही, त्याने गुरे आणि घर सांभाळून आईबापांना निश्चिंत मनाने पाठवावे. ज्याच्यामुळे दुसऱ्याची वारी घडली, तो वाडीत राहूनही दिंडीतच चालला, असे आम्ही समजतो. आईबापांनीही कार्तिकीला मुलाची परीक्षा असेल तर त्याला ओढून नेऊ नये. वाखरीच्या वाटेवर त्याच्या नावाने दोन पावले जास्त चालावीत.

आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींना वीट देण्याची बुद्धी होवो, आणि ती भाजलेली असो. घरच्या वडीलधाऱ्यांना तिच्यावर उभे राहण्याचे धैर्य लाभो. रामकृष्णहरि.